एका वाकळीच्या पोटात

चपला उंबऱ्याबाहेर काढा आणि आत या. साल १९८३, वैशाखातली दुपार, गाव माणदेशातलं. माण नदीच्या कोरड्या पात्राकडेनं म्हसवडच्या दिशेनं चालत गेलात तर असली बरीच गावं लागतात, त्यांतलंच एक. सारवलेल्या अंगणात लिंबाची सावली आहे आणि सावलीत एक विटलेली वाकळ, म्हणजे गोधडी, अंथरली आहे. चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवलीत: जात्याची वरची तळी, पाटा, वरवंटा आणि चौथ्यावर एक काळा धोंडा. वाकळ ताणून बसली पाहिजे, सुरकुती राहिली की शिवताना तिथं फुगा येतो. आज हिच्यावर नवं आवरण चढणार आहे.

तिशीतली एक सून चिरगुटांचं बोचकं सोडते आहे. तिचा नवरा पडवीत खांबाला टेकून बसलाय. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि माण-खटावातले कितीतरी गिरणीवाले हातात पिशवी घेऊन गावी परतले. हा त्यांतला एक. बोचक्यात त्याची मुंबई आहे: कामावर असताना स्वस्तात मिळालेले कोरे तुकडे, एकाच्या कडेला गिरणीचा शिक्का तसाच. त्यांच्याबरोबर पोराची खाकी चड्डी, कुणाच्या तरी परकराचा घेर, आणि एक पॉलिस्टरची साडी. या साडीवर सून नाराज आहे. सुई शिरते पण कापड निसटतं, दुमड राहत नाही, आणि अंगाखाली घेतल्यावर घाम शोषत नाही. पण रंग पक्का आहे, आणि रंगासाठी ती घेतेय.

आता बोलू नका, नुसतं बघा. तिनं निळ्या तुकड्याशेजारी पिवळा ठेवला. उभी राहिली. दोन पावलं मागं गेली, मान तिरकी केली, परत येऊन पिवळा उचलला आणि खाली सरकवला. मग बोचक्यातून लालभडक तुकडा काढला, हाताएवढा, आणि मध्याच्या जरा डावीकडं टाकला. दारातून जाऊ म्हणाली, ‘‘आक्का, तांबडं तितं नगं. डोळ्यावर येतंय.’’

सून हात मागं घेणार, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. तिथं एक म्हातारी बसली आहे, सत्तरीची. डोळ्यांनी आता तिला बाईमाणूस की बाप्या एवढंच कळतं. पण रंग कळतो. ‘‘ऱ्हाऊ दे गं. एकच हाय म्हणून दिसतंय.’’

तांबडं राहिलं.

तुम्हाला इथं आणलं ते या क्षणासाठी. गोधडीचा विषय निघाला की आपल्याकडं लगेच ऊब निघते, आईची माया निघते, लहानपण निघतं, गळा भरून येतो. ते सगळं खरं आहे. पण त्या भरल्या डोळ्यांनी आपण वाकळ बघायचं राहून जातो. त्या लाल तुकड्याची जागा मायेनं ठरवली नाही. एका बाईनं मागं सरून, डोळे बारीक करून, दुसरीचं ऐकून, तिसरीच्या शब्दाला मान देऊन ती ठरवली. चित्रकार कॅनव्हाससमोर उभा राहून जे करतो तेच हे काम, आणि ते मातीवर वाकून केलेलं आहे. माझ्या मते वाकळीवरचा आपला सर्वांत मोठा अन्याय हा आहे की आपण तिच्यावर प्रेम केलं आणि तिच्याकडं पाहिलं मात्र नाही.

म्हातारीकडं नीट बघून ठेवा. पुढं ती भेटत राहणार आहे.

सुनेनं नवं कापड पसरायच्या आत जुन्या वाकळीचा कोपऱ्यातला दोरा धरा आणि हळूच ओढा. टाका सुटेल, मग त्याच्या मागचा.

मे १९७३. ऊन तेच, लिंब तोच, पण पाला नाही. अंगण रिकामं आहे, गाव पाझर तलावाच्या कामावर गेलंय. बहात्तरच्या दुष्काळाचं हे पुढचं वर्ष. या महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर खडी फोडतायत, माती उचलतायत. याच कामांच्या अनुभवातून पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. आत्ता मात्र गावाला कायदा माहीत नाही, आठवड्याचा पगार माहीत आहे, कामावर खायला मिळणारी सुकडी माहीत आहे, आणि परदेशातून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटते.

दिवेलागणीला म्हातारी येते. आता ती साठीची आहे आणि डोळे शाबूत आहेत. हातांना खडीचे चरे पडलेत. चिमणी पेटवून ती वाकळ मांडीवर ओढते. तुम्हाला बघून तिला नवल वाटत नाही. ‘‘कुठल्या गावचं लेकरू म्हणायचं? बस. पाणी बेतानंच पी बाबा.’’

तिच्याकडं या खेपेला रंगच नाही. नवऱ्याचं झिजलेलं धोतर, मिलो आलेल्या पोत्याचं फडकं, आणि स्वतःचं एक लुगडं, ज्याला दोनदा दांड घातलाय. लुगडं मध्ये विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन टोकं जोडून पुन्हा नेसायचं, हा दांड. दुसऱ्या दांडानंतर लुगडं नेसायच्या लांबीचं राहत नाही, मग ते वाकळीला येतं. या लुगड्यात एकच गोष्ट धड आहे, हिरवा काठ.

ती तो काठ कातरीनं सोडवते आणि त्याच्या चार पट्ट्या करते. मधला पांढरा-मळकट पसारा तसाच ठेवून चारी बाजूंनी त्या लावते. हिरव्या चौकटीत बसल्याबरोबर मधला मळकटपणा शांत दिसायला लागतो, दारिद्र्य दिसायचं थांबतं. चौथी पट्टी वीतभर कमी पडते. तिथं ती पोत्याचं फडकं लावते, उघड्यावर, ठसठशीत. ते लपवायला दुमड घालता आली असती. तिनं घातली नाही. टाके लांब आहेत, दोरा महाग आहे आणि ती दमली आहे. पांढरं रीळ संपल्यावर तिनं काळा दोरा ओवला. त्यामुळं वाकळीच्या एका अंगाला पांढऱ्या ओळी आहेत आणि दुसऱ्या अंगाला काळ्या, आणि जिथं त्या बदलतात तिथं नजर थबकते. तो बदल गरजेनं आला, हे खरं. पण काळा दोरा कुठून सुरू करायचा हे तिनं ठरवलं. ती ओळ पुरी करून, बरोबर कोपऱ्यावर वळताना तिनं दोरा बदलला.

पुढचा दोरा ओढा.

१९४४ चं घर लहान आहे. युद्ध चालू आहे, गेल्या वर्षापासून कापडावर कंट्रोल आहे, जाडंभरडं कापडही मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढं. रात्री डोंगराच्या अंगानं दोन-तीन पोरं येतात, परड्यात झोपतात आणि उजाडायच्या आत निघून जातात. साताऱ्यात इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचे दिवस आहेत, त्यामुळं त्यांची नावं घरात कुणी विचारत नाही. त्यांच्या अंगावर हीच वाकळ आहे.

आपली म्हातारी इथं तिशीची आहे. या थरात जवळजवळ सगळं पांढरं मांजरपाट आहे. कापडानं हात आखडला म्हणून तिनं दोऱ्यानं चित्र काढलंय. बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी, कडेनं सुरू झालेल्या, कोपऱ्याला काटकोनात वळत आत आत जाणाऱ्या, नांगराचे तास जसे बांधापासून आत येतात तशा. बोटं फिरवून बघा, डोळ्यांपेक्षा हातांना जास्त कळेल. प्रत्येक टाका कापडाला खाली खेचतो, दोन ओळींमधली जागा वर येते, आणि सगळ्या वाकळीवर बारीक उंचसखल उठतं. पांढऱ्यावर पांढरं असूनही तिरप्या उजेडात त्या ओळी सावल्यांसकट दिसतात. आजवर बघितलेल्या थरांत टाका इथं सर्वांत बारीक आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. हात तरुण आहे आणि त्याला आपली करामत ठाऊक आहे.

या पांढऱ्याच्या मधोमध हाताला जाडसर चौकोन लागतो. तो आधीचा आहे. सांभाळून उसवा, हे कापड आता बोटांत जिरेल एवढं झिजलंय.

साल १९३१. घर दुसरं आहे, तिचं माहेर. ती अठराएक वर्षांची आहे, पोट पुढं आलंय, पहिलं बाळंतपण म्हणून तिला आणलंय. तिला आज कुणी सुई धरू देत नाही, ती भिंतीला टेकून बसली आहे. पुढं १९८३ साली बसेल तशीच. ओसरीवर चौघी बसल्यात: आजी, आई, चुलती आणि शेजारची काकू. दुपटं शिवायचं चाललंय. तान्ह्याच्या अंगाला कोरं कापड घालायचं नाही, वापरून वापरून लोण्यागत मऊ झालेलंच घालायचं. त्यासाठी आजीनं तिचं लग्नातलं इरकली लुगडं काढलंय. निळं अंग, तांबडा रेशमी काठ, आणि पांढऱ्या नक्षीचा तांबडा टोपपदर. इरकलचा विणकर हा पदर वेगळ्या ताण्यावर विणायला घेतो आणि दोन ताण्यांचे धागे एकमेकांत अडकवून जोडतो. त्या जोडाची रेघ अजून तशी आहे. बाकी लुगडं इतकं विरलंय की पलीकडचा उजेड दिसतो.

इथं सावकाश बसा, कारण घाई नसलेलं काम बघायला मिळतंय.

आधी खाली धड कापड, सुरकुती काढून. त्यावर चिरगुटांचे थर, एकाचा जोड दुसऱ्याच्या जोडावर येणार नाही असे, नाहीतर तिथं गाठ टोचते. वरून लुगड्याचा तुकडा. मग लांब कच्चे टाके, थर हलू नयेत म्हणून. आणि मग कडेनं धावदोरा. चौघी चार बाजूंनी बसतात आणि आत सरकत येतात. शिवता शिवता त्या वाकळीवरच बसतात, म्हणजे कापड आपोआप ताणलेलं राहतं. एकीचा टाका थोडा तिरका, दुसरीचा आखूड, तिसरीचा सैल. काकूचा टाका आजी बिनबोभाट उसवून पुन्हा घालते आणि काकू काही म्हणत नाही. सात-आठ वर्षांची पोर सुया ओवून देतेय. ती सुया ओवता ओवता सगळं बघतेय. या कलेचं शिक्षण असंच होतं, फळ्याशिवाय, सांगण्याशिवाय, तीन पिढ्या एका कापडाभोवती बसवून.

काठ लावायची वेळ आली. तांबडा काठ भरपूर आहे, चारी बाजूंना पुरून उरेल. आई म्हणते, ‘‘चारी अंगाला लावूया की आत्याबाई. पयलंच बाळ हाय.’’ आजी काठ हातावर घेऊन बराच वेळ बघते. मग तो बाजूला ठेवते, टोपपदरातला एक चौकोन कापते आणि निळ्यावर, मध्यापासून जरा डावीकडं, ठेवते.

‘‘समदीकडं तांबडंच केल्यावर तांबडं दिसंल कशाला?’’

भिंतीला टेकलेली ती पोटुशी पोर हे ऐकते.

१९८३ च्या अंगणात लाल तुकडा जिथं राहिला, त्याच्या खाली दोन थरांच्या पलीकडं हा चौकोन आहे. शिवणाऱ्या सुनेला तो माहीत नाही. तिनं तो कधी पाहिलाच नाही. पण म्हातारीनं पाहिला होता आणि तिला ते वाक्य आठवत होतं. लोककला म्हणतात ती याला. नमुना छापून येत नाही, एका तोंडातून दुसऱ्या कानात जातो आणि ५२ वर्षांनी एका हाताला थांबवतो.

या ओसरीवरून आणखी दक्षिणेला, उत्तर कन्नडच्या जंगलात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला आत्ता आणखी काही बाया अशाच कडेनं सुरू करून आत शिवत येतायत. त्या सिद्दी. पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांतले बरेच जण तिथून निसटून या रानात आले, त्यांच्या लेकी-नातींची ही गोधडी. चारी कोपऱ्यांत दुमडलेल्या तुकड्यांची फुलं बसेपर्यंत ती गोधडी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. फुलांचा उबेशी काही संबंध नाही. ती दिसण्यासाठी आहेत.

आता वर या. पण येताना एका ठिकाणी थांबू: पन्नाशीच्या दशकातलं कुठलंही वर्ष, घटस्थापनेच्या आधीचे दिवस. गाव दसरा काढतंय. घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर आलंय. परतीच्या पावसानं माणला थोडे दिवस पाणी आहे, तेवढ्यात उरकायचं. धुणं सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढून, बडवून, पिळायला दोघी दोन टोकांना लागतात, कारण भिजलेली वाकळ एकटीच्यानं उचलत नाही. आणि मग पात्राच्या वाळूवर, दगडांवर, बाभळीच्या कुंपणावर, नजर पोचेल तिथवर वाकळी वाळत पडतात. दरडीवर चढून बघा. निळ्या, तांबड्या, खाकी, मळकट, चौकटीच्या, पट्ट्यांच्या, एकीत उभे तुकडे तर दुसरीत तिरपे. बाया वाळण्याची वाट बघत त्यांच्यामधून हिंडतायत, वाकून बघतायत, कोपरा उलटून मागचा टाका तपासतायत. ‘‘ही कुणाची गं?’’ ‘‘वरच्या आळीच्या धाकटीची.’’ ‘‘हात चांगलाय.’’

ज्यांना वाटतं की या कलेला प्रेक्षक नव्हता, त्यांनी या दरडीवर उभं राहावं. दरवर्षी प्रदर्शन भरत होतं. बघणाऱ्या जाणकार होत्या. आणि महत्त्वाचं म्हणजे, कोणती वाकळ कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं.

क्षणभर फार लांब चला, न्यूयॉर्कला. नोव्हेंबर २००२, व्हिटनी संग्रहालय. पांढऱ्या भिंतींवर गोधड्या टांगल्यात. अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे, गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांची. तिथल्या बायांनी फाटक्या जीन्स, कामाचे शर्ट, पोती यांच्यापासून या शिवल्या. मिझूरी पेटवे या बाईनं १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी केली, तीही या गोधड्यांत आहे. अमेरिकेतले कलासमीक्षक इथं उभे राहून आधुनिक चित्रकलेशी तुलना करतायत. २००६ मध्ये यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली. ही तुलना मला गरजेची वाटत नाही, गोधडी चांगली ठरायला तिला चित्राचा हवाला लागत नाही. मला हेवा वाटतो तो भिंतीवरच्या छोट्या पाटीचा. तिथं बाईचं नाव आहे, आडनाव आहे, जन्मसाल आहे.

आपल्याकडं असं काही झालंच नाही असंही नाही. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपलं. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक केलं. पण जी बाई पहाटे जात्यावर गायली, तिनंच दुपारी वाकळ शिवली, आणि तिची ओवी तिच्या नावानं राहिली तशी वाकळ राहिली नाही. ज्या बाईबरोबर तुम्ही आज ५२ वर्षं हिंडलात, तिचं नाव मी सांगू शकत नाही. वाकळीवर ते कुठं नाही.

आता तुम्ही तुमच्या घरात परत आलात. दिवाणात नाहीतर माळ्यावर गोणपाटात बांधलेली एखादी वाकळ असेल. गावाकडं तर ती ट्रॅक्टरच्या सीटवर, कांद्याच्या ढिगावर, मोटारीच्या बोनेटवर गेलेली दिसते. शहरात जुन्या साड्या दिल्या की गोधडी शिवून देणाऱ्या बाया आहेत. त्यांना काम मिळतं हे उत्तमच आहे, पण साड्या देताना रंग त्यांनाच लावू द्या. ‘एकसारखी करा’ असं सांगून त्यांचा डोळा बांधू नका, आणि त्यांनी मागितलेल्या पैशात घासाघीस करू नका.

आणि घरातली वाकळ खाली काढा. दिवसाच्या उजेडात जमिनीवर पूर्ण पसरा, स्टुलावर उभं राहून वरून बघा, मग गुडघ्यावर बसून जवळून. कुठला रंग एकदाच आलाय ते शोधा. ओळी कुठं वळतात, दोरा कुठं बदलतो, दुसरा हात कुठं लागलाय ते शोधा. उलटून पाठ बघा, खरा टाका पाठीवर कळतो. झिजून आतला थर दिसत असेल तर त्यावर ठिगळ मारायची घाई करू नका, आधी तो कुठल्या लुगड्याचा आहे हे घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारा. ते माणूस आहे तोवर विचारा. मग पांढऱ्या कापडाची एक पट्टी घ्या, तिच्यावर शिवणारीचं नाव, गाव आणि साल पक्क्या शाईनं लिहा, आणि वाकळीच्या पाठीवर, एका कोपऱ्यात, चार टाक्यांनी लावून टाका. हे याच आठवड्यात करा.